कोकणकडा एका चित्रात: ३४ फोटो का जुळले नाहीत, २० कसे जुळतील

प्रश्न थोडक्यात असा आहे. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठावरून संध्याकाळी, हातात कॅमेरा धरून ३४ फोटो काढले. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी म्हणजे मधल्या आकाराच्या सेन्सरचा. त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ मिमी लेन्स १८ वर ठेवलेली, अपर्चर प्रायॉरिटी मोड (शटर कॅमेराच ठरवतो), पुढे पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये ते एका लांब चित्रात, म्हणजे पॅनोरमात, जोडल्यावर पायाजवळचा खडक दोन ठिकाणी तुटला, क्षितिज नागमोडी झालं आणि आकाशात गडद-फिकट पट्टे उमटले. घरच्या भिंतीसाठी आठ फुटी प्रिंट हवी आहे, तर यापेक्षा चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?

सॉफ्टवेअर बदलून यातली एकच गोष्ट सुधारेल, ती म्हणजे क्षितिज. बाकी दोन बिघाड फोटोंमध्येच आहेत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा पैसे जपून ठेवा, पुढे प्रिंटला लागतील.

आधी सॉफ्टवेअर काय करतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडतं. ते प्रत्येक फोटोत ठळक ओळखू येणाऱ्या खुणा शोधतं: खडकाचा कोपरा, झुडपाचा काळा ठिपका, भेगेचं टोक. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डेव्हिड लोव यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या सिफ्ट पद्धतीत अशा खुणेचं वर्णन आकड्यांत केलं जातं. फोटो थोडा फिरला किंवा लहानमोठा झाला तरी ते वर्णन फारसं बदलत नाही. मग दोन फोटोंतल्या सारख्या खुणांच्या जोड्या लावायच्या, चुकीच्या जोड्या गाळायच्या आणि प्रत्येक फोटो काढताना कॅमेरा किती वळला, किती झुकला, किती कलला होता याचं गणित करायचं. लोव आणि मॅथ्यू ब्राउन यांनी २००३ मध्ये हे सगळं आपोआप करून दाखवलं. फोटो जोडणारे आजचे बहुतेक कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, याच वाटेने जातात. या गणिताचं गृहीतक एकच आहे, कॅमेरा एका बिंदूभोवती फिरला, जागचा हलला नाही. ते मोडलं की दोन फोटो एकमेकांवर बसवणारं उत्तरच अस्तित्वात राहत नाही. मग कार्यक्रम कितीही महाग असो.

आता तुमचा खडक. हातात कॅमेरा धरून आपण वळतो तेव्हा आपण कमरेपासून वळतो आणि कॅमेरा शरीराच्या अक्षापासून फूटभर पुढे असतो. वीस अंश वळलं की तो साधारण दहा सेंटिमीटर बाजूला सरकतो. तुमच्या कॅमेऱ्यावर १८ मिमीला हिशोब केला, तर ५०० मीटर लांबच्या कड्यावर या दहा सेंटिमीटरचा फरक एका पिक्सेलहूनही कमी पडतो. दोन मीटरवरच्या खडकावर तोच फरक सुमारे २३० पिक्सेलचा होतो. म्हणून समोरची भिंत तुमच्याही चित्रात सुरेख जुळली असणार. पूर्ण मोठं करून बघा, एकही सांधा सापडायचा नाही. घोडं पेंड खातं ते फक्त पायाजवळ.

यावर दोन उपाय आहेत आणि मी पहिल्याच्या बाजूचा आहे. पहिला, जवळचं काही चौकटीत येऊच देऊ नका. दुसरा, कॅमेरा योग्य बिंदूभोवती फिरवा. दुसरा उपाय शिकवणाऱ्यांना फार आवडतो, कारण त्यात विकत घेण्यासारखी उपकरणं असतात. पण कोकणकड्यासारख्या ठिकाणी मजा सगळी लांब आहे. जवळ असतो तो काळा, बूट घासून गुळगुळीत झालेला कातळ आणि कुणीतरी टाकलेलं बिस्किटाचं वेष्टन. तो वगळला तर साध्या ट्रायपॉडवर, कॅमेरा पुढेमागे सरकवणारी रेल न लावता काम होतं.

पण कडा आहे तो. काठाला ट्रायपॉड लावून कातळ वगळू म्हणाल, तर ते करायचं नाही. ट्रायपॉडचे पाय काठापासून किमान दोन मीटर आत. कड्यावरून वारा खालून वर येतो, टोपी खाली टाकली तर परत वर येते हे तुम्हीही पाहिलं असेल. तो वारा झुळूक म्हणून येत नाही, धक्का देतो. पाठीवर सॅक, डोळा व्ह्यूफाइंडरला आणि एक एक पाऊल सरकत वळणं, हे काठावर करण्याचं काम नव्हे. खाली डोकावायचं तर कॅमेरा बाजूला ठेवून, पोटावर झोपून.

दोन मीटर आत आणि कॅमेरा दीड मीटर उंचीवर असेल, तर काठ डोळ्याच्या पातळीखाली सुमारे ३७ अंशांवर दिसतो. त्याच्या वर जे दिसतं ते सगळं लांबचं. त्याखाली फक्त कातळ. म्हणजे तुमच्या चित्राची खालची मर्यादा तिथेच ठरली: क्षितिजाखाली ३५ अंश. त्याच्या खालचं कापून टाकायचं. कड्याच्या अर्धवर्तुळाच्या बरोबर मध्ये उभं राहण्यापेक्षा एखाद्या टोकाकडे सरकलात तर समोर भिंत जास्त दिसते आणि तिचा आतल्या बाजूला गेलेला पोटाचा भागही कळतो. मधोमध उभं राहिलं की पायाखालचाच कडा दिसत नाही. चित्रात दरी येते, कडा येत नाही.

ज्यांना पुढचा कातळ हवाच आहे त्यांच्यासाठी दुसरा उपायही सांगतो. दुकानात त्याला नोडल पॉइंट म्हणतात. लेन्समध्ये समोरून बघितलं की जे छिद्र दिसतं, त्याची जागा ट्रायपॉडच्या फिरण्याच्या अक्षावर आली पाहिजे. ती शोधायला गच्चीवर जा. वाळणाच्या दोरीला एक जाड दोरा ओळंब्यासारखा लटकवा, मीटरभर अंतरावर. मागे लांबचा मोबाइल टॉवर घ्या, दोरा आणि टॉवर एका रेषेत आणा. आता कॅमेरा उजवीकडे वळवा, म्हणजे दोरा चौकटीच्या डाव्या कडेला जाईल. दोरा टॉवरच्या डावीकडे सरकला, तर कॅमेरा अक्षाच्या फार पुढे आहे, मागे घ्या. उजवीकडे सरकला तर पुढे घ्या. दोघं हलेनासे झाले की रेलवर पेन्सिलने खूण करा आणि शेजारी फोकल लेंग्थ लिहून ठेवा. झूम बदलला की खूण बदलते. रेल नसेल आणि कॅमेरा सरळ ट्रायपॉडवर बसवला असेल, तर लेन्समधला तो बिंदू अक्षाच्या समोर सातआठ सेंटिमीटर असतो. ३५ मिमीवर एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना याचा फरक तीन मीटरवर सत्तरेक पिक्सेल, शंभर मीटरवर दोन. आता तुम्हीच ठरवा, रेल लागते का.

एक गोष्ट मात्र घ्यावी लागेल, ती म्हणजे एल ब्रॅकेट, कॅमेऱ्याला बसणारी एल आकाराची पट्टी. फोटो उभे काढायचे आहेत. ट्रायपॉडचं बॉल हेड (कॅमेरा हवा तसा वळवणारा गोळा) खाचेत आडवं पाडून कॅमेरा उभा केला, की तो अक्षाच्या बाजूला लटकतो आणि वरचा सगळा हिशोब कोसळतो. एल ब्रॅकेटने तो अक्षावरच उभा राहतो.

आता क्षितिज. बहुतेक कार्यक्रम क्षितिज स्वतःहून सरळ करताना असं धरून चालतात की फोटो काढणारा कॅमेरा वरखाली झुकवतो, पण सहसा बाजूला कलवत नाही. हातात धरून, खाली दरीकडे बघत ३४ फोटो काढले तर प्रत्येक फोटो थोडा थोडा कललेला असतो आणि तो अंदाज फसतो. मग संपूर्ण दृश्य, जे खरं तर एका गोलाच्या आतल्या बाजूवर रंगवलेलं आहे, एका अंगाला कलतं आणि सपाट केल्यावर लाट दिसते. म्हणूनच तयार चित्र दोन अंश फिरवून ही लाट जात नाही. एक टोक सुधारतं, दुसरं बिघडतं. फोटोशॉपमध्ये वार्प लावून ओढाताण करणारे मी खूप पाहिले आहेत, त्यात कड्याची उभी धार वाकते. जोडणीच्या पायरीवरच गोल सरळ करावा लागतो. त्याला ह्युगिन वापरा. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकांनी १९९८ मध्ये केलेल्या पॅनोरमा टूल्सवर ते उभं आहे. त्याच्या प्रीव्ह्यूच्या खिडकीत चित्र माउसने धरून ओढलं की गोल फिरतो. मधला भाग धरून वरखाली करा, लाट उलगडते. पैसे देऊन घ्यायचं तर पीटीगुई चांगलं आहे, त्यातही हे करता येतं आणि मोठ्या कामाला ते वेगवान पडतं.

सरळ म्हणजे किती सरळ हे ठरवायला शहरात इमारतींच्या उभ्या कडा असतात. गडावर तसं काही नाही. डोंगरांच्या माथ्यांवर विश्वास ठेवू नका, नाफ्त्याचा डोंगर आणि त्याच्या बाजूची धार एका उंचीची नाही. कोकणावर साचलेल्या धुरकट हवेचा वरचा काठ बहुधा समतल असतो आणि जवळजवळ डोळ्याच्या पातळीत. मी तोच धरतो. त्याहून बरं म्हणजे जागेवरच ट्रायपॉड समतल करणं. इथे बहुतेक जण बॉल हेड ढिलं करून कॅमेऱ्यावरची पातळी शून्यावर आणतात आणि निश्चिंत होतात. कॅमेरा त्या एका दिशेला सरळ असतो. ट्रायपॉडचा पाया कललेला असेल तर नव्वद अंश वळल्यावर कॅमेराही कललेला. पाया समतल हवा, पाय लहानमोठे करून. खडकावर हे वेळखाऊ आहे, पण एकदाच करायचं असतं. तपासायचं असं: समोर बघून पातळी शून्य, मग कॅमेऱ्याला हात न लावता पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. तिन्हीकडे शून्य दिसलं तर झालं.

याच संदर्भात एक शंका पुढे येईलच म्हणून आधी सांगतो. सह्याद्रीच्या कड्यावर लाव्हाच्या थरांच्या आडव्या पट्ट्या दिसतात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या. तुमच्या चित्रात त्या मध्ये खाली झोळलेल्या आणि दोन्ही टोकांना वर चढलेल्या दिसतील. हा जोडणीचा दोष नाही. १८० अंशांचं दृश्य सपाट कागदावर आणायला सिलिंड्रिकल प्रोजेक्शन (दृश्य नळकांड्यावर उतरवून मग उलगडणं) लागतं आणि त्यात डोळ्याच्या पातळीतली रेषाच सरळ राहते, बाकीच्या आडव्या रेषा वाकतात. रेक्टिलिनिअर प्रोजेक्शनमध्ये सगळ्या सरळ रेषा सरळ राहतात, पण शंभर-एकशेवीस अंशांपुढे टोकं इतकी ताणली जातात की चित्र बघवत नाही. कोकणकडा स्वतःच गोल आहे, त्यामुळे तो वाक फारसा खुपत नाही. किंबहुना कुणाला कळतही नाही. लाइटरूममधला बाउंडरी वार्प मात्र बंद ठेवा. तो रिकामे कोपरे भरायला चित्र ताणतो आणि क्षितिजाची वाट लावतो.

आकाशातले पट्टे. दोन गुन्हेगार आहेत. पहिला अपर्चर प्रायॉरिटी. कॅमेरा दरीकडे वळला की अंधार समजून शटर मंद करतो, आकाश जास्त आलं की जलद करतो. प्रत्येक फोटोचं आकाश वेगळं. जोडणीतलं मिश्रण करणारं तंत्र, जे बर्ट आणि अ‍ॅडलसन यांनी १९८३ मध्ये मांडलं, आकाशासारखा हळू बदलणारा रंग रुंद पट्ट्यात मिसळतं आणि खडकासारखा बारीक तपशील अरुंद पट्ट्यात. त्यामुळे थोडाफार फरक जिरतो, पण एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा, फरक पचत नाही. दुसरा गुन्हेगार पोलरायझर. आकाशाचा प्रकाश सूर्यापासून नव्वद अंशांवर सर्वांत जास्त पोलराइज्ड (एकाच दिशेत कंपणारा) असतो. एका फोटोत त्याने निळा रंग छान खुलतो. १८० अंशांत त्याचा एक गडद डाग होतो, मध्येच आणि कडांना फिकट. तो डाग खरोखर आकाशात पडलेला आहे, कुठलंही सॉफ्टवेअर त्याला चूक समजणार नाही. पॅनोरमाला पोलरायझर घरी ठेवा.

इतकं झाल्यावर पुन्हा जायचं ठरवाल तर असं करा. दिवस ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. पाऊस नुकताच सरलेला असतो, हवा धुतलेली असते. जानेवारीनंतर कोकण धुरकटतं आणि मार्चमध्ये वणव्यांचा धूर. पाचनईची वाट घ्या, ट्रायपॉड घेऊन तीच सोसते. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी भिंत स्वतःच्याच सावलीत असते. सकाळ वेगळ्या कारणासाठी: दरीत ढग भरलेले आणि सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर इंद्रवज्र दिसतं, तुमच्या सावलीभोवती रंगीत कडं. १८३५ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला इथे ते दिसल्याची नोंद प्रसिद्ध आहे. त्याला पॅनोरमाची गरज नाही. ते कडं एका साध्या फोटोत मावतं आणि ढग इतके झरझर बदलतात की जोडायला गेलात तर हातात काही उरणार नाही.

भिंतीवर ऊन हवं तर दुपार उतरल्यावर. पण सूर्यास्ताचा मोह टाळा. सूर्य चौकटीत आला की काळोखी दरी आणि तळपतं आकाश एका एक्स्पोजरमध्ये बसत नाही. मग प्रत्येक दिशेला वेगवेगळ्या उजेडाचे तीन-तीन फोटो, लेन्समध्ये फ्लेअर (उजेडाचे डाग) आणि दर मिनिटाला घसरणारा उजेड. डिसेंबरमध्ये मावळायच्या दोन तास आधी सूर्य साधारण २४ अंशांवर असतो. फोटो दोन रांगांत घ्यायचे आहेत (पुढे सांगतो), त्यातल्या वरच्या रांगेची चौकट क्षितिजावर साडेअठरा अंशांपर्यंतच जाते, म्हणजे सूर्य बाहेर आणि ऊन भिंतीवर तिरकं. चारच्या सुमारास तयार राहा. सूर्य चौकटीच्या जरा वर असताना लेन्सवर थेट ऊन पडतं. हूड लावा आणि गरज पडल्यास तळहाताची सावली धरा, हात चौकटीत न आणता.

लेन्स ३५ मिमीवर ठेवा. १८ वर या लेन्सच्या कडा मऊ पडतात आणि रेषा फुगतात. झूमच्या कड्यावर चिकटपट्टी लावा. लेन्स खाली झुकली की ते स्वतःहून फिरतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. कॅमेरा उभा धरला की ३५ मिमीवर रुंदी २५ अंश, उंची ३७ अंश. तीस टक्के एकमेकांवर यायला हवेत, म्हणजे दर फोटोला साडेसतरा अंश पुढे. १८० अंशांना दहा फोटो. एक रांग समोर पाहून, दुसरी २६ अंश खाली झुकवून. एकूण २०. तुमच्या ३४ पेक्षा कमीच की! जास्त फोटो म्हणजे जास्त चांगली जोडणी हा समज चुकीचा आहे. प्रत्येक जादा फोटो एक जादा सांधा आणतो.

आकाशाची वेगळी रांग घेऊ नका. निरभ्र आकाशात खुणा नसतात आणि खुणा नसल्या की कार्यक्रम तो फोटो कुठेही भिरकावतो किंवा टाकून देतो. वरच्या रांगेत अर्धं आकाश आणि अर्धी जमीन येते, ते पुरेसं आहे.

सगळं मॅन्युअल. एफ ८, आयएसओ १०० किंवा २००, शटर सर्वांत उजळ फोटोवरून ठरवा. आधी एकदा पूर्ण फिरवून बघा, आकाशाचा सर्वांत पांढरा भाग हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजेडाच्या आलेखाच्या, उजव्या भिंतीला लागणार नाही इतकं. मग तो आकडा सोडायचा नाही. व्हाइट बॅलन्स ऊन. फोकस समोरच्या भिंतीच्या धारेवर धरा, एकदा लागला की ऑटोफोकस बंद. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशनही बंद. रॉ फाइल, दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका. सॅक टांगायची तर जमिनीला टेकेल अशी टांगा, लटकती सॅक वाऱ्यात ट्रायपॉडलाच हलवते. सुरुवातीला आणि शेवटी तळहाताचा एक फोटो काढा, घरी शंभर फोटोंमधून रांग कुठे सुरू झाली ते शोधत बसावं लागत नाही.

ढग सरकत असतील तर वरची रांग आधी, भराभर, ढगांच्या उलट दिशेने. ढग डावीकडून उजवीकडे चाललेत आणि तुम्हीही तसेच गेलात, तर एकच ढग दोनदा येतो आणि डोळ्याला खटकतो. उलट गेलात तर ढगाचा एखादा तुकडा हरवतो. हरवलेला तुकडा कुणी शोधत नाही. शनिवार-रविवार असेल तर काठावर माणसं असणारच. ज्या चौकटीत माणूस आहे ती पुन्हा एकदा घ्या, तो सरकल्यावर. जोडताना ह्युगिनमध्ये मास्क काढून नको तो भाग वगळता येतो. वेगवेगळ्या चौकटींत आलेला जवळचा कातळही अशाच मास्कने एकाच फोटोतून घ्यायचा, म्हणजे सांधा कातळावरून जातच नाही, लांबच्या झाडीतून जातो. रेल नसताना थोडा कातळ राखायचा असेल तर हा उत्तम मार्ग.

घरी आल्यावर जोडायच्या आधी फोटो सुधारण्याचा मोह होतो. व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर आणि लेन्सच्या कडांचा काळेपणा, एवढंच आणि सगळ्यांना सारखं. डीहेझ, क्लॅरिटी, शॅडो, हायलाइट यांना हात लावू नका. ही बटणं प्रत्येक फोटोतलं उजेड-अंधाराचं प्रमाण बघून काम करतात. एकच आकडा दिला तरी दरीच्या फोटोवर वेगळा परिणाम होतो, आकाशाच्या फोटोवर वेगळा. म्हणजे कड्यावर घेतलेली सगळी मेहनत तुम्हीच पुसता. आधी जोडा, मग जोडलेल्या एका चित्रावर हवं तेवढं डीहेझ करा.

जोडलेल्या चित्राचा आकार सुमारे २८,००० पिक्सेल रुंद. चित्राच्या वेड्यावाकड्या कडा आणि कातळ कापून २६,००० गुणिले ८,००० हाती राहील, म्हणजे २० कोटींहून अधिक पिक्सेल. १६ बिटमध्ये एक थर सव्वा जीबीचा. दुसरा थर टाकला की फोटोशॉपच्या पीएसडी फाइलची दोन जीबीची मर्यादा ओलांडते, म्हणून पहिल्यापासून पीएसबीमध्ये, म्हणजे फोटोशॉपच्याच मोठ्या फाइलच्या प्रकारात, जतन करा. साधी टिफ चार जीबीपर्यंत जाते. ५५ मिमीवर काढलं असतंत तर रुंदी ४४,००० पिक्सेलवर गेली असती आणि पीएसडीची ३०,००० पिक्सेलची मर्यादा तिथेच आडवी आली असती. जेपेगची मर्यादा ६५,५३५ पिक्सेल. प्रिंटवाल्याला द्यायला जेपेग चालतो.

आठ फूट म्हणजे ९६ इंच. २६,००० पिक्सेल त्यावर पसरले की इंचाला २७० मिळतात आणि उंची अडीच फूट होते. एकच रांग घेतली असती तर कापाकापी करून दीड फुटाची पट्टी उरली असती, दाराच्या वर लावायच्या तोरणासारखी. त्यासाठीच दुसरी रांग. सहा फुटांवरून बघायच्या चित्राला इंचाला १५० पिक्सेलही पुष्कळ होतात, पण असं चित्र भिंतीवर लागलं की माणसं नाक लावून बघतात, तंबू कुठे, वाट कुठे. तेव्हा हे २७० वाया जात नाहीत.

फ्लेक्सच्या दुकानात जाऊ नका, ते काम चौकातल्या शुभेच्छांसाठी ठीक आहे. फोटो लॅबमध्ये ४४ इंची रोल असतो, अडीच फूट उंची त्यात आरामात बसते आणि आठ फूट रोलच्या लांबीत जातं. पूर्ण प्रिंट काढायच्या आधी त्याच कागदावर त्याच आकारातून दोन पट्ट्या मागा, प्रत्येकी फूटभर: एक सावलीतल्या दरीची, एक आकाश आणि भिंत भेटतात तिथली. स्क्रीनवर दरीत दिसणारी झाडं कागदावर काळ्या ठिपक्यात जातात. बहुतेक वेळा दरीचा भाग अर्धा स्टॉप उजळवावा लागतो. मॅट कागद घ्या. चकचकीत कागदावर आठ फूट रुंदीत समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब हटत नाही. फ्रेमवाल्याला विचारा, एवढ्या लांबीची काच तो देईल का. बहुधा नाही म्हणेल, मग फोमबोर्डवर चिकटवून वर मॅट लॅमिनेशन.

आणि तुमचे ते ३४ फोटो पुसू नका. ह्युगिनमध्ये टाका, काठाचा कातळ असलेला खालचा भाग प्रत्येक फोटोत मास्क करा, प्रीव्ह्यूत क्षितिज ओढून सरळ करा. १८ मिमीवरून रुंदी सुमारे १४,५०० पिक्सेल निघेल. आकाशातला पोलरायझरचा डाग ग्रेडियंट लावून थोडा उजळता येईल, पूर्ण जाणार नाही. म्हणून आकाशाची पट्टी बारीक ठेवून कापा. आठ फुटांवर ते इंचाला १५० पिक्सेल पडतात. चार फुटी प्रिंटला मात्र ते सहज पुरेल, आणि ती पुढच्या ऑक्टोबरची वाट न बघता या आठवड्यातही काढता येईल.